चिरेखाणीतलं मैदान, पाच दिवस भाड्याने

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावचं मैदान मी पाच दिवसांसाठी भाड्याने घेतलं होतं. देवगड तालुक्यातल्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, हे मैदान एका जुन्या चिरेखाणीत आहे, बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढलेल्या खड्ड्यात. चौदा ते सतरा वयाच्या बावीस मुली, मी धरून चार शिकवणाऱ्या, सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात कबड्डीचा सराव, आणि शेवटच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतल्या सहा संघांचे सामने. भाडं दिवसाला दीड हजार, दिवे लावले तर तासाचे दोनशे वेगळे, अनामत पाच हजार. मुलींचं शिबिर आहे म्हटल्यावर मैदान सांभाळणाऱ्या मंडळाने एका दिवसाचं भाडं सोडलं. पैसे दिले तिथेच पावती मिळाली, आणि पावतीच्या मागे अटी छापलेल्या होत्या. त्यातल्या एका अटीबद्दल पुढे लिहिते, कारण तिच्यात या मैदानाचा सगळा इतिहास आहे.

एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत खेळ शिकवला. हे मैदान माझ्या माहेरचं, मी इथेच चढाई करायला शिकले, म्हणून त्याच्यावर माझी माया आहे हे आधीच सांगते. पण लिहायच्या आधी टेप लावून मोजलं, नळ सोडून पाहिले, रात्री दिवे लावून चारही कोपऱ्यांत उभी राहिले.

रस्त्यावरून हे मैदान दिसत नाही. दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा आहेत, कातळाला सुरुंग लावून पाडलेल्या खड्ड्यांत माती भरून वाढवलेली कलमं. मध्ये वाळक्या गवताचा पट्टा, आणि पन्नास पावलं चाललात की एकदम जमीन संपते. खाली दोन-अडीच पुरुष खोल तांबडा चौकोन दिसतो. पूर्व-पश्चिम एकसष्ट मीटर, दक्षिणोत्तर सत्तेचाळीस. तीन बाजूंना जांभ्याच्या उभ्या भिंती, दक्षिणेला चिऱ्यांच्या गाड्या वर चढायच्या ती घसरण. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला टप्पे आहेत. चिरा थराथराने काढतात, वरचा थर मागे ठेवून खालचा पुढे, त्यामुळे खाण बंद झाली तेव्हा बसायला पायऱ्या आयत्या राहिल्या. पाचशे माणूस आरामात बसतं. एवढी चांगली गॅलरी मी तालुक्याच्या गावीही पाहिलेली नाही.

भिंती नीट बघा. उत्तरेच्या भिंतीवर तिरक्या, आखूड, दाट खुणा आहेत, त्या पिकावाच्या. माणसाने हाताने चिरा काढला की अशा खुणा राहतात. पूर्वेच्या भिंतीवर मात्र लांब, कमानदार, एकसारखे ओरखडे आहेत, ते यंत्राच्या पात्याचे. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, म्हणून या खुणा जशा पडल्या तशाच टिकल्या आहेत. मुलींना पहिल्या दिवशी मी धावायला लावलं नाही. आधी या दोन भिंतींवरून हात फिरवायला सांगितला.

उत्तरेकडचे चिरे कुठे गेले ते गावात चालत फिरलं की कळतं. शाळेच्या भिंती, देवळाचा गडगा, विहिरीचं तोंड, आमच्या घराचा जोता, सगळे या खड्ड्यातून वर आले. माझे वडील म्हणायचे, गाव उभा राहिला तेवढाच हा खड्डा खोल आहे. चिरे काढणं थांबल्यावर राहिली ती डबक्याची जागा. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, आणि कातळात पाणी जिरत नाही. पहिली काही वर्षं नाताळपर्यंत खाणीत म्हशी डुंबायच्या.

मैदान खरं सुरू झालं ते चरामुळे. दक्षिणेच्या कोपऱ्यातून उताराकडे कातळ फोडून काढलेला हा चर कमरेइतका खोल आणि साधारण चाळीस मीटर लांब आहे. सुरुंग न लावता पहार, छिन्नी आणि घण घेऊन खणलेला. कारण सोपं होतं, सुरुंगाने खाणीच्या भिंतीला तडे गेले असते. साल कुणी लिहून ठेवलं नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं भूकंपावरून वर्षं मोजतात: ज्या हिवाळ्यात पहाटे घरातली भांडी वाजली, म्हणजे कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चर फुटला. खणायला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात सुरुवात झाली होती. पुरुष खणायचे आणि फुटलेला दगड बायका वर वाहायच्या. माझी आजी सकाळी शेतातली भाजावळ उरकून डोक्यावर चुंबळ ठेवून खाणीत उतरायची. ती सांगायची, घसरणीवरून वर येताना पाय भाजायचे, म्हणून दुपारच्या खेपा अनवाणी करता येत नव्हत्या, आणि चपला तर सगळ्यांकडे नव्हत्या. मग बायकांनी वाटेवर पेंढा टाकला. पेंढ्यावर पाणी मारायचं आणि त्यावरून चालायचं.

त्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा वाहून गेलं, आणि दसऱ्याला पोरं आत उतरली.

तेव्हा खेळ होता हुतुतू. गडी मेला की बसला, सगळी बाजू बाद होईपर्यंत आत यायचं नाही, तो गामिनीचा प्रकार. रेषा पायाने मारायच्या आणि वेळ सूर्यावर. आज जो खेळ आपण टीव्हीवर बघतो, गडी बाद झाला आणि समोरचा एक गडी टिपला की आपला एक परत आत, तो संजीवनीचा प्रकार. तो आमच्या खाणीत आला १९८२ च्या संपात. मुंबईत १८ जानेवारीला गिरण्या बंद झाल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि त्यातले किती तरी कोकणातले. महिना, दोन महिने वाट पाहून आमच्या गावचे लोक खोल्या मागे ठेवून एकेक करत गावी आले. त्यात माझा काका होता. परळच्या गिरणीत लागलेला, आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांत कबड्डी खेळलेला. गिरणगाव म्हणजे त्या काळी कबड्डीचं घरच होतं.

हाताला काम नव्हतं. घरी बसून खाणं त्या माणसांना जड जात होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. काका आणि त्याच्याबरोबर आलेले पंधरा-सोळा जण रोज सकाळी खाणीत जायचे. कातळावर कबड्डी खेळता येत नाही, गुडघे फुटतात. त्यांनी खालच्या मळ्यातून, भात कापून झालेल्या कोपऱ्यांतून, शेतवाल्यांना विचारून लाल माती आणली. डोक्यावरून, कारण घसरण तेव्हा बैलगाडीलाही धड राहिली नव्हती. माती चाळली, हातभर जाड पसरली, त्यात तूस मिसळला म्हणजे भेगा पडत नाहीत, पाणी मारलं आणि चोपण्याने चोपली. वरून शेणाचा सडा. दिवाळीनंतर आपण घरापुढे खळं करतो त्याच रीतीने, फक्त दहा खळ्यांएवढं. अशी दोन पटांगणं त्यांनी केली. मुलग्यांचं १३ बाय १० मीटर, आणि पश्चिमेच्या भिंतीलगत मुलींचं १२ बाय ८. आजही दोन्ही तिथेच आहेत आणि आजही दर दिवाळीनंतर याच पद्धतीने नवी होतात. मी पश्चिमेच्या पटांगणात अंगठ्याने दाबून पाहिलं: वर नखभर भुसभुशीत, खाली घट्ट. मुलगी पडली तर खरचटतं, पण मोडत नाही.

मुलींचं पटांगण कसं झालं ते सांगायलाच हवं. मी पंधरा वर्षांची होते. काका मुलग्यांना शिकवायचा आणि आम्ही सातजणी वरून टप्प्यावर बसून बघायचो. एक दिवस त्याने वर पाहून विचारलं, नुसत्या बघताय काय? आम्ही उतरलो. फ्रॉकखाली भावांच्या हाफ पॅन्टी घातल्या होत्या. आठवड्याभरात गावात बोलणी सुरू झाली. ती मुलग्यांकडून आली नाहीत, त्यांच्या घरच्यांकडून आली. मग एका संध्याकाळी मुलगे पटांगण सोडायला तयार होईनात. म्हणाले, मैदान आमचं आहे. काका काही बोलला नाही, कारण मुलांमध्ये त्याचाच पुतण्या होता. वरून माझी आजी घसरणीने खाली आली. काठी टेकत टेकत, तिला वेळ लागला. ती पटांगणाच्या मध्यरेषेवर उभी राहिली आणि म्हणाली, "चर खणलो तेव्हा दगड कोणी व्हायले? आमी. तेव्हा तुमी जन्माक तरी इल्लास काय?" मुलगे बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी काकाने आमच्यासाठी वेगळी माती आणायला घेतली, आणि खेपा घालायला तेच मुलगे आले.

आमच्यातली कुणी मोठी खेळाडू झाली नाही. दोघी जिल्हा स्पर्धेपर्यंत गेल्या, त्यातली मी एक. जिल्हाही तेव्हा नवाच होता, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला. कबड्डी बीजिंगच्या आशियाई खेळात १९९० साली आली, पण फक्त पुरुषांची. बायकांच्या कबड्डीला २०१० चं ग्वांगझू उजाडावं लागलं. भारताच्या मुलींनी पहिल्याच वेळी सुवर्णपदक आणलं, तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये रडले, आणि त्या सातजणींपैकी ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले.

संपाची माणसं पुढे विखुरली. काही मुंबईला परतली, काका परतला नाही. तो बागेत राखणीला लागला आणि मरेपर्यंत पटांगणं चोपत राहिला.

पूर्वेच्या भिंतीवरचे यंत्राचे ओरखडे नव्वदच्या दशकातले. कोकण रेल्वेचं काम चालू होतं, बांधकामं वाढली होती, चिऱ्याला भाव आला होता. एका ठेकेदाराने पूर्वेकडच्या खातेदारांशी बोलून यंत्र लावलं. जमीन वरकस, सामाईक, सातबाऱ्यावर नावांची ही मोठी यादी, अर्धी नावं मुंबईला. एका हंगामात त्याने चार मीटर आत घेतलं. त्याच्यामुळे मैदान रुंद झालं हे खरं आहे, आज क्रिकेट खेळता येतं ते त्या चार मीटरांमुळे. पण मग तो खाली जायला लागला. तळ जर चराच्या तोंडापेक्षा खोल गेला असता तर पाणी कधीच बाहेर पडलं नसतं आणि मैदानाचं पुन्हा तळं झालं असतं. गावातली चार माणसं मुंबईला गेली, गाववाल्यांच्या खोल्याखोल्यांत फिरून खातेदारांच्या सह्या आणल्या, आणि काम थांबलं. आग्नेय कोपऱ्यात एक खोलगट भाग राहिला आहे. तिथे दिवाळीपर्यंत पाणी साचतं. बुकिंग नोव्हेंबरच्या सुरुवातीचं असेल तर तो कोपरा बाद धरा.

आता त्या अटीकडे येते. पावतीच्या मागे पाचवी अट अशी: मैदान घेणाऱ्याने ताबा घेण्याआधी चराची सफाई एक तास स्वतः करावी. पैसे देऊन यातून सुटता येत नाही. चावी सांभाळणारे काका आता पंचाहत्तरीचे आहेत, संपात आलेल्या माणसांपैकी हयात असलेल्या दोघांतले एक. मी म्हटलं, मुली दमून आल्या आहेत, उद्या करू. ते म्हणाले, "बाय, पयलो चर, मगे खेळ. पैशे शेवटी दिलंस तरी चलतला." मग बावीस मुली, आम्ही चौघी आणि ते स्वतः चरात उतरलो. काजूची पानं, प्लास्टिकचे ग्लास, दोन टेनिसचे चेंडू, एक मेलेला साप, आणि खूप माती. चर जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे दोन्ही बाजूंना छिन्नीचे घाव दिसतात. तिथे एका मुलीने मला विचारलं, बाई, हे हाताने? मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, पण तिने तासाच्या पुढेही काम केलं. इतर मैदानांवर मी भाडं भरलेलं आहे, पंचांना, हारांना, मंडपाला पैसे दिलेले आहेत. मैदान चालू राहण्याच्या कामात हात घालायला मला फक्त इथेच लावलं गेलं, आणि माझ्या मते हीच या जागेची सर्वात चांगली गोष्ट आहे.

खेळाच्या दृष्टीने सांगायचं तर, खाणीत वारा शिरत नाही. समुद्र सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटरवर, सड्यावर दुपारनंतर वारा डोक्यावरची टोपी नेतो, पण खाली माती उडत नाही. कबड्डीला याहून मोठी सोय नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. चढाई करणारीचा "कबड्डी, कबड्डी" हा उच्चार स्पष्ट आणि अखंड ऐकू आला पाहिजे असा नियम आहे. गर्दीच्या उघड्या मैदानावर पंचांना तो ऐकू येत नाही आणि भांडणं होतात. इथे भिंतींमुळे पुटपुटणंही पंचापर्यंत पोचतं. माझ्या दोन मुली दम चोरतात, म्हणजे चढाईत मध्येच श्वास घेतात, हे मला शाळेत तीन वर्षांत कळलं नव्हतं, इथे पहिल्या दिवशी कळलं. दोघींशी बोलले, दोघी आता दम नीट घेतात. याची दुसरी बाजू अशी की दोन्ही पटांगणांवर एकाच वेळी सामने लावले तर शिट्टी घुमते आणि दुसऱ्या पटांगणावरच्या मुली थांबतात. आम्ही एका पंचाला शिट्टी आणि दुसऱ्याला थाळी दिली. थाळीवर काठी मारली की आवाज वेगळा येतो. ते छान जमलं.

मातीबद्दल एक चिंता आहे. जिल्ह्याच्या आणि त्याच्या वरच्या स्पर्धा आता बहुतेक मॅटवर, बूट घालून होतात. मातीवर शिकलेली मुलगी मॅटवर पहिल्यांदा उतरली की घोट्याची पकड करताना तिचा हात घसरतो आणि वळताना बूट अडकतो. मंडळाने मुलग्यांच्या पटांगणाच्या बाजूच्या मोकळ्या कातळावर भाड्याची मॅट अंथरू द्यावी अशी विनंती मी केली आहे. तळ सपाट आहे, जमू शकतं. माती मात्र काढू नये. लहान मुलींनी पडायला मातीवरच शिकावं.

ऊन. मेमध्ये साडेनऊनंतर कातळ तापतो, भिंतींत कोंडतो, आणि अकरा ते साडेतीन खाली उभं राहणं शक्य नाही. ज्यांना दिवसभर सामने घ्यायचे आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारी धरावा. पावसाळ्यात जूनपासून दसऱ्यापर्यंत मैदान बंद. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डीदिन म्हणून पाळतात, तो आमच्याकडे शाळेच्या पडवीत होतो, आणि पोरं खिडकीतून खाणीतलं पाणी किती चढलं ते बघत असतात.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडक्यात. मध्यभागी दक्षिणोत्तर मातीची खेळपट्टी आहे, टेनिस चेंडूसाठी चांगली, उसळी एकसारखी. चेंडू भिंतीला थेट लागला तर चार, वरून गेला तर सहा, टप्प्यांवरच्या माणसाला लागला तर पुन्हा टाकायचा. क्षेत्ररक्षकांसाठी भिंतीपासून दोन मीटरवर दोरी लावलेली असते. ती काढू देऊ नका, जांभ्यावर खांदा आपटला तर सोलून निघतो. फोनची रेंज खाली येत नाही. सामने थेट दाखवायचे असतील तर वरच्या काठापर्यंत वायर न्यावी लागते, चावीवाले काका वायर देतात. दिवे नवे आहेत, २०२१ च्या मेमधल्या तौक्ते वादळात जुने खांब आणि पंचांच्या शेडचे पत्रे गेले, त्यानंतर बसवलेले. वायव्य कोपऱ्यात सावली पडते, बाकी प्रकाश पुरेसा.

खाणं गावातल्या बचत गटाच्या बायकांनी दिलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी कुळथाची पिठी-भात, संध्याकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. माणशी दिवसाला एकशे ऐंशी. उन्हात खेळणाऱ्या पोरीला पेजेइतकं चांगलं काही नाही. पाकीटबंद पेयं आणायच्या भानगडीत पडू नका.

आता जे मला सर्वात जास्त बोचलं ते. मैदानावर संडास-मोरीची एक खोली आहे, दोन दारांची. एका दाराला कडी नव्हती. टाकी वरच्या काठावर आहे आणि पंप सकाळी आठला बंद होतो, म्हणजे संध्याकाळच्या सरावाच्या वेळी नळ कोरडे. आत दिवा नाही. कचऱ्याचा डबा नाही, आणि पाळीतल्या मुलीने काय करायचं याचा विचार कुणीच केलेला नाही. पहिल्या दिवशी मला हे लक्षात आलं नाही, ही माझी चूक, मी आधी बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मुलगी चढाईवरून परत येताना बसली, तिला चक्कर आली होती. विचारल्यावर कळलं, ती सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती, जावं लागू नये म्हणून. मग बाकीच्यांना विचारलं. बावीसपैकी चौदा मुली तेच करत होत्या. मेच्या उन्हात.

मी त्याच रात्री मंडळाच्या सचिवांकडे गेले. तरुण मुलगा आहे, त्याने ऐकून घेतलं, कुठे वाद घातला नाही. सकाळी कडी लागली होती. पंप संध्याकाळीही एक तास चालू करायला लागले. डबा आम्ही विकत आणून ठेवला, तो तिथेच ठेवून आले आहे. दिवा पाच दिवसांत आला नाही. मुलींना तीन दिवस समजावत राहावं लागलं की आता पाणी प्या, तेव्हा कुठे बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. ही खोली नीट होत नाही तोवर मुलींचं मैदान म्हणून मी याला पूर्ण गुण देणार नाही.

आणि फलक. घसरणीच्या तोंडाशी चिऱ्यांच्या भिंतीवर ऑइलपेंटने मैदानाचा इतिहास लिहिला आहे. चर खणणाऱ्यांची नावं आहेत, सव्वीस. संपाच्या वर्षी माती आणणाऱ्यांची आहेत. माझ्या काकाचं नाव आहे, ते वाचून बरं वाटलं. सह्या आणणारे चौघे आहेत, क्रिकेटच्या करंडकांची वर्षं आहेत. बाईचं नाव एकही नाही. दगड वाहिलेल्यांपैकी कुणाचं नाही, पटांगणात पहिल्यांदा उतरलेल्या सातजणींपैकी कुणाचं नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. त्याने ज्यांना विचारलं त्यांनी जी नावं सांगितली ती त्याने लिहिली.

शिबिराच्या चौथ्या दिवशी मी चावीवाल्या काकांबरोबर दुपारी त्यांच्या पडवीत बसले आणि आम्ही नावं काढली. त्यांना अठरा आठवली, माझ्या आईला फोन केला तेव्हा आणखी पाच मिळाली. काहींची सासरची नावं मिळाली, माहेरची नाहीत. काहींना सगळे अमक्याची आये एवढंच म्हणत. ती यादी वहीच्या दोन पानांवर लिहून सचिवांना दिली. त्यांनी फोटो काढून ठेवला आणि म्हणाले, आत्ता रंगवून उपयोग नाही, पावसात जांभा ओल धरतो आणि रंगाला पोपडे येतात, दसऱ्यानंतर पूर्ण फलक नव्याने करू. मी दसऱ्याला गावी जाणारच आहे.

सामन्यांच्या दिवशी टप्पे भरले होते. आंब्याच्या पेट्या भरायच्या सोडून माणसं आली, त्यात बायका जास्त होत्या. महिलांच्या सामन्यासारखे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव खेळवले. अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला दोन गुणांचा फरक होता, आणि सगळी खाण इतकी गप्प होती की चढाई करणारीचा दम कानाला लागत होता. तिची कमरेची पकड झाली, आमचा संघ हरला.

अनामतीतून एका फुटलेल्या दिव्याचे दोनशे चाळीस कापून बाकीचे त्याच संध्याकाळी मिळाले. डिसेंबरचे शनिवार-रविवार लवकर भरतात, दसऱ्यापूर्वीच नाव घाला. एसटी वरच्या फाट्यावर सोडते, तिथून दहा मिनिटं चालणं आहे आणि मोठी बस आत वळत नाही, टेम्पो वळतो. मुलींसाठी घेत असाल तर पश्चिमेचं पटांगण आणि संध्याकाळची वेळ मागा. मेमध्ये पाचच्या सुमाराला भिंतीची सावली मध्यरेषेपर्यंत येते.